धर्मगुरू कृतज्ञता प्रकल्प : कामाच्या नोंदी

शुक्रवार, २७ जून

आज येशूच्या पवित्र हृदयाचा सण. १९९५ पासून या दिवशी धर्मगुरूंच्या पवित्रीकरणासाठी जगभर प्रार्थना होते. संध्याकाळच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) कोल्हापुरातल्या आमच्या पॅरिश (धर्मग्राम) कौन्सिलच्या सहा जणांची बैठक झाली : आपल्या दोन फादरांचे, मुख्य आणि सहाय्यक, आभार कधी आणि कसे मानायचे. ४ ऑगस्ट हा संत जॉन मारी व्हियान्नी यांचा स्मरणदिन. त्यांनी आर्स या फ्रान्समधल्या खेड्यात १८१८ पासून अखेरपर्यंत सेवा केली आणि १८५९ साली याच तारखेला त्यांचे निधन झाले. १९२९ मध्ये पोप पायस अकरावे यांनी त्यांना सगळ्या पॅरिश प्रीस्ट लोकांचे आश्रयदाते संत घोषित केले. म्हणून दिवस हाच धरला.

यंदा ४ तारखेला सोमवार आहे. सोहळा लोकांच्या सोयीने रविवारी, ३ ऑगस्टला. इथे एक गोष्ट पहिल्यांदाच स्पष्ट करून घेतली. रविवारच्या मिस्सेत व्हियान्नींच्या प्रार्थना वापरता येत नाहीत, कारण रविवारपुढे संताचा स्मरणदिन मागे पडतो. फादरांच्या झग्याचा रंग हिरवाच राहील, वाचनेही त्या रविवारचीच. आपल्याला मोकळीक आहे ती श्रद्धावंतांच्या विनंत्यांत आणि मिस्सा संपल्यावर. पांढरा झगा आणि व्हियान्नींची खास मिस्सा सोमवारी. गायकवृंदाने गाणी निवडण्याआधी हे त्यांना सांगायचे, नाहीतर सराव फुकट जातो.

दुसरा निर्णय शाल, श्रीफळ आणि भाषणांचा. ते पूर्ण वगळायचे नाही, पण सोहळ्याचा जीव त्यात ठेवायचा नाही. दोन्ही फादर रोज जे ओझे उचलतात त्यातले काही उतरले तर ते खरे आभार. बाकीची सगळी यादी या एका कसोटीवर लावली.

बुधवार, २ जुलै

‘फादर, तुम्हाला काय हवे?’ असे विचारले की उत्तर ठरलेले : ‘काही नको, प्रार्थना करा.’ म्हणून त्यांना न विचारता स्वयंपाकाच्या मावशी, साक्रिस्टी (मिस्सेच्या साहित्याची खोली) सांभाळणारे काका आणि ऑफिसमधली ताई यांच्याकडे चौकशी केली. अर्ध्या तासात खरी यादी हातात आली :

वीज गेली की फादरांच्या घरातला इन्व्हर्टर पाऊण तासात बसतो. दुचाकीचे मागचे टायर गुळगुळीत झाले आहे. मावशी महिन्यातून दोन रविवार गावी जातात, त्या दिवशी दुपारी ब्रेड-अंडी. सोमवार हा सुट्टीचा दिवस फक्त नावाला. दाखल्यांसाठी, शाळाप्रवेशाच्या पत्रांसाठी दिवसभर बेल वाजते. रात्रीच्या आजारी-भेटीला फादर एकटेच दुचाकीवर पावसात जातात.

यातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. कोल्हापूर शहर, आसपासची गावे, शिवाय बाहेरगावची मिस्सा, हे सगळे दोन माणसांवर आहे. आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूर असे तीन जिल्हे त्यात येतात आणि बिशप सावंतवाडीला असतात. बैठकीला जायचे म्हणजे आंबोली घाट, पावसाळ्यात धुके आणि दरडी. अशा वेळी मागे एकच धर्मगुरू उरतो.

रविवार, ६ जुलै

पैशांची बाजू. इथे भल्या मनाने घोळ होतो, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

कॅनन (चर्चच्या कायद्याचे कलम) १२६७ नुसार पॅरिशच्या प्रमुखाला दिलेली देणगी, उलट काही सिद्ध झाले नाही तर, पॅरिशलाच दिली असे धरतात. धार्मिक विधीच्या निमित्ताने दिलेले पैसेही देणाऱ्याचा वेगळा इरादा स्पष्ट नसेल तर पॅरिशच्या निधीत जातात. तो कॅनन ५३१. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर फादरांच्या हातात ठेवलेले पाकीट त्यांच्या खिशात जाते ही समजूत चूक आहे. फादरांना स्वतःच्या चपला, औषधे किंवा घरी जाण्याच्या तिकिटासाठी द्यायचे असेल तर पाकिटावर ‘वैयक्तिक भेट’ असे लिहायचे. एवढ्या दोन शब्दांनी हिशेब तपासणाऱ्याचा आणि फादरांचा, दोघांचाही पेच सुटतो. धर्मगुरू एखाद्या धर्मसंघाचे असतील आणि त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतले असेल तर भेट संघाची होते. त्यांना वस्तूपेक्षा सेवा द्यावी.

मिस्सेच्या हेतूची देणगी (कोणासाठी तरी मिस्सा अर्पण करावी म्हणून दिलेले पैसे) हा तिसरा कप्पा, आणि तो या दोहोंत मिसळायचा नाही. एका दिवसात कितीही मिस्सा केल्या तरी धर्मगुरूंना एकाच हेतूची देणगी स्वतःकडे ठेवता येते, नाताळ तेवढा अपवाद. आणि दर रविवारी पॅरिश प्रीस्टनी एक मिस्सा आपल्या लोकांसाठी अर्पण करायची असते, देणगी न घेता (कॅनन ५३४). त्यामुळे ‘रविवारची मिस्सा फादरांच्या हेतूने लावा’ अशी तीन कुटुंबांची मागणी होती ती तशी मान्य करता आली नाही. सोमवारच्या सकाळच्या मिस्सेचा हेतू एका कुटुंबाने वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी मार्चमध्येच लावला आहे. तो हलवायचा नाही. सहाय्यक फादर सोबत मिस्सा करणार आहेत, त्यांचा हेतू मोकळा आहे. तो ‘या धर्मग्रामात सेवा केलेल्या सर्व जिवंत आणि मृत धर्मगुरूंसाठी’ असा लावला.

तीन वेगळी पाकिटे, तीन वेगळ्या पावत्या. खर्च तीन माणसांच्या सहीने.

गुरुवार, १० जुलै

इन्व्हर्टर. आधी भार मोजला : तीन पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, चार एलईडी बल्ब, ९ वॅटचे, राउटर १० वॅट. बेरीज सुमारे २७० वॅट. १५० एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पूर्ण रिकामी करायची नाही आणि इन्व्हर्टरमध्ये काही वाया जाते, म्हणून हातात साधारण ११५० येतात. चार तास सहज मिळाले पाहिजेत. मग पाऊण तासात का बसते?

सगळ्यांचे म्हणणे बॅटरी गेली. बॅटरीचे झाकण काढून हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता मोजायचे साधन) लावला तर सहाही खणांत ११७० ते ११८०. पूर्ण चार्ज झालेल्या ट्युब्युलर बॅटरीत हा आकडा १२४० च्या आसपास असतो. एखादाच खण खाली असता तर बॅटरीच गेली म्हटले असते. सहाही सारखेच खाली म्हणजे तिला पोटभर चार्जच मिळालेला नाही. इन्व्हर्टरच्या मागचे बटण कमी चार्जिंगवर होते, आधीच्या लहान बॅटरीसाठी ठेवलेले. ही बॅटरी बसवणाऱ्याने ते बदलले नाही. दोन खणांत पाणीही पट्ट्यांच्या खाली गेले होते. डिस्टिल्ड वॉटर घातले, बटण वर केले, दोन दिवस भार न देता चार्जिंगला ठेवले.

नवीन बॅटरीसाठी धरलेले पैसे तसेच ठेवले आहेत. शनिवारी पुन्हा मोजायचे.

शनिवार, १२ जुलै

सहा खण : १२३०, १२३५, १२३५, १२३०, १२३५, १२२५. मेन स्विच बंद करून पूर्ण भारावर चालवले, सव्वातीन तास टिकले. पट्ट्या उघड्या राहिल्याने थोडी ताकद कायमची गेली आहे, पण हे पुरेसे आहे. नवीन बॅटरी रद्द. पैसे टायरकडे आणि रात्रीच्या गाडीच्या डिझेलकडे वळवले.

बॅटरीवर कागद चिकटवला : पाणी दर तीन महिन्यांनी, नळाचे कधीही नाही.

मंगळवार, १५ जुलै

आध्यात्मिक पुष्पगुच्छाची कार्डे. प्रत्येक कुटुंब धर्मगुरूंसाठी काय अर्पण करणार ते लिहून देते : मिस्सा, रोझरी (जपमाळेची प्रार्थना), पवित्र साक्रामेंताची भेट (चर्चमध्ये ठेवलेल्या पवित्र भाकरीपुढे प्रार्थना), उपास, आजाऱ्याची सेवा. मागच्या वेळच्या कार्डांत आकड्याला मर्यादा नव्हती. मुले एकमेकांकडे बघून रोझरीच्या रकान्यात ५०० लिहीत गेली आणि शेवटची बेरीज वाचायलाही संकोच वाटला. या वेळी रकान्याऐवजी चौकोन छापले, प्रत्येक प्रकाराला सात. अर्पण झाले की एक चौकोन भरायचा. आधी वचन नाही, नंतरची खूण. कुटुंबाचे नाव कार्डावर नाही, त्यामुळे तुलनाही नाही.

कागद २१० जीएसएम, ए५ आकार, १२० प्रती. पहिल्या वीस घरच्या इंकजेटवर काढल्या. जुलैतल्या कोल्हापुरी हवेत त्या रात्रभरात मऊ पडल्या आणि बोट लागताच शाई पसरली. उरलेल्या लेझरवर काढल्या. भरायला बॉलपेन, जेल पेन नको. गोळा करायची पेटी पोर्चमध्ये नको, तिथे तिरपा पाऊस येतो. पवित्र पाण्याच्या भांड्यापासूनही हातभर लांब, आत ठेवली.

धर्मशिक्षणाच्या मुलांकडून पत्रे मागवताना शिक्षिकांनी एक अट घातली आणि ती उत्तम आहे : ‘सगळ्यासाठी आभार’ लिहायचे नाही, फादरांना करताना प्रत्यक्ष पाहिलेली एकच गोष्ट लिहायची. तिसरीतल्या मुलीने लिहिले आहे, ‘फादर ओस्ती [मिस्सेतली पवित्र भाकर] देताना आजीसाठी खाली वाकतात कारण आजीची मान वर होत नाही.’ ते पत्र सगळ्यात वर ठेवले आहे.

रविवार, २० जुलै

आजवरच्या धर्मगुरूंच्या नावांचा फलक. या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता.

तयार यादी नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येक नोंदीखाली बाप्तिस्मा देणाऱ्याची सही असते, म्हणून पहिली सही आणि शेवटची सही यांच्या तारखा लावत गेले की सेवेचा काळ निघतो. ऐकायला सोपे, पण तीन फसव्या जागा आहेत.

पहिली समासातली. मोठेपणी त्या व्यक्तीचे दृढीकरण किंवा लग्न झाले की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्याच पानावर समासात होते, वीस-पंचवीस वर्षांनी, त्या वेळच्या धर्मगुरूंच्या सहीने. घाईत ती सही मूळ नोंदीची धरली की एक फादर पाव शतक आधी येऊन बसतात. आमच्याकडून असे दोनदा झाले. आता समास पुठ्ठ्याने झाकून वाचतो. दुसरी पाहुण्यांची. नातलग असलेले धर्मगुरू भाच्याचा बाप्तिस्मा द्यायला येतात आणि सही करतात. सलग दोन महिने आणि किमान दहा नोंदी असतील तरच नेमणूक धरायची, असा नियम केला. तिसरी अक्षराची. नुसती आद्याक्षरे आणि एक लांब शेपटी. अशा सह्या लग्नाच्या वहीतल्या पूर्ण नावाशी ताडून पाहिल्या.

वह्या ऑफिसबाहेर नेल्या नाहीत, मोबाइलवर फोटो काढले नाहीत. त्यांत लोकांच्या घरच्या खाजगी गोष्टी आहेत. कोणाचा जन्म, कोणाची दत्तक नोंद. ऑफिसमधली ताई शेजारी बसलेली, आम्ही पेन्सिलने वेगळ्या कागदावर फक्त नाव आणि तारीख उतरवली. जुन्या दोन वह्यांना कसर लागली आहे, पान उलटताना कडा भुग्यासारख्या गळतात. खाली पांढरे कापड अंथरले, पान बोटाने न उचलता पातळ प्लास्टिकच्या पट्टीने उलटले. एका पानावर सहीच्या जागी भोक आहे. तिथे कोणी सेवा केली ते वहीवरून कळणार नाही.

२००५ पूर्वीच्या नेमणुका पुणे धर्मप्रांताच्या, म्हणून यादी पडताळायला पुणे आणि सावंतवाडी, दोन्हीकडे पत्रे पाठवली.

फलक ४ फूट बाय ३ फूट, ॲल्युमिनियम कंपोझिट पत्रा, वर कापलेली व्हिनाइल अक्षरे. संगमरवर नाकारला : कोरलेली चूक दुरुस्त होत नाही, आणि पडताळणी अजून पूर्ण नाही. खाली आठ ओळी रिकाम्या सोडल्या आहेत, पुढे येणाऱ्यांसाठी. भिंतीपासून अर्धा इंच अंतर ठेवून बसवायचा, नाहीतर ओल मागून चढते.

शुक्रवार, २५ जुलै

श्रावण सुरू. फुलांचा भाव चढणार, म्हणून वेदीसाठी गुलाब सोडून ॲस्टर आणि हिरवा पाला. मांसाहारी जेवणाच्या आचाऱ्यांना या महिन्यात ऑर्डरी कमी, त्यामुळे आपल्याला हवा तो आचारी मिळाला.

कोणीतरी कोल्हापुरी चपला सुचवल्या होत्या. मनापासूनची सूचना, पण ऑगस्टमध्ये नको. कातडे भिजले की सैल पडते आणि कपाटात बुरशी धरते. पायाचे माप कागदावर उतरवून घेतले आहे, चपला दिवाळीच्या सुमारास.

पावसाचा नियम लिहून ठेवला. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोक्याची ४३. शनिवारी सकाळी ३९ च्या वर असेल तर जेवण रद्द, मिस्सा तेवढी होईल. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता. त्या बाजूची कुटुंबे परत कशी जाणार, हा विचार आधी. तांदूळ आणि डाळ तशीच निवारा केंद्रात द्यायची. मटण शनिवारी संध्याकाळीच पक्के करायचे, आधी आगाऊ रक्कम नाही.

सोमवार, २८ जुलै

रात्रीच्या आजारी-भेटीचा तक्ता. या सगळ्या प्रकल्पातले हे एकच काम जरी झाले असते तरी चालले असते.

चार चारचाकीवाले, प्रत्येकाकडे आठवड्याचे ठरलेले वार, रात्री ९ ते सकाळी ६. फोन मात्र थेट फादरांनाच जाईल. मध्ये स्वयंसेवक घालायची सूचना आली होती ती फेटाळली. तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) फक्त धर्मगुरूच देऊ शकतात, आणि ‘आत्ताच त्रास द्यावा का’ हे ठरवणे स्वयंसेवकाचे काम नाही. फादर फोन ठेवून चालकाला एक मिस्ड कॉल देतील, गाडी दहा मिनिटांत गेटवर.

प्रत्येक घरासाठी अर्ध्या पानाची सूचना छापली. फोनवर सांगायचे : रुग्णाचे पूर्ण नाव, हॉस्पिटल, मजला, वॉर्ड, खाट क्रमांक, शुद्धीत आहे का, गिळता येते का. सीपीआरसारख्या (कोल्हापुरातले सरकारी रुग्णालय) मोठ्या हॉस्पिटलात नातलगापैकी एकाने मुख्य दारात उभे राहायचे. वॉर्ड शोधण्यात वीस मिनिटे जातात. घरी असेल तर छोटे टेबल, पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी. ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्ती पेटवायची नाही.

आणि ठळक अक्षरात : शेवटच्या घटकेची वाट पाहू नका. हा संस्कार गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, म्हातारपणाने थकलेल्या माणसालाही मिळतो. ‘फादर आले म्हणजे संपले’ या भीतीने घरचे थांबतात आणि मग पहाटे तीनला धावपळ होते. संध्याकाळी बोलावलेले फादर रुग्णाची कबुलीही ऐकू शकतात. बेशुद्ध झाल्यावर ती वेळ हातातून गेलेली असते.

सोमवारच्या सुट्टीसाठी : दाखल्यांचे अर्ज आता मंगळवार ते शनिवार, ऑफिसच्या वेळेत. दारावर पाटी लावली. मावशींच्या सुट्टीच्या रविवारी डबा पाच कुटुंबांकडून पाळीपाळीने. डब्यावर घराचे नाव नाही, तिखटाचे प्रमाण सहाय्यक फादरांना सोसेल एवढेच.

शनिवार, २ ऑगस्ट

जेवण कायम. माणसे १४०, त्यांतली २० शाकाहारी. मटण २० किलो, तांदूळ १४ किलो, चपात्या ३५०, नारळ २४. पांढरा रस्सा २१ लिटर : मटणाचे पाणी १४, नारळाचे दूध ७. तांबडा वेगळ्या पातेल्यात, शिवाय फादरांसाठी आणि वयस्करांसाठी कमी तिखटाचे एक छोटे पातेले.

फलकाची अक्षरे आली. एका नावात वेलांटी चुकली आहे, तेवढी पट्टी पुन्हा कापायला दिली.

रविवार, ३ ऑगस्ट

आजचे शुभवर्तमान लूक १२, धान्याची कोठारे मोठी करू पाहणाऱ्या श्रीमंताचा दाखला. भेटवस्तूंचा ढीग न लावल्याचे बरे वाटले.

मिस्सा वेळेत. विनंत्यांत एक आजारी आणि निवृत्त धर्मगुरूंसाठी, एक सेमिनरीत धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी. सभागृहात दोन भाषणे, प्रत्येकी तीन मिनिटे. फेटे बांधायला माणशी सहा मिनिटे गेली, तेवढ्यात मुलांची पत्रे वाचून झाली. आजीच्या मानेचे पत्र वाचताना फादरांनी चष्मा काढून हातात धरला आणि बराच वेळ परत घातला नाही.

काय चुकले : पांढऱ्या रश्शाचे दुसरे पातेले फाटले. नारळाचे दूध घातल्यावर गॅस मोठा राहिला आणि ढवळणारा माणूस पाणी आणायला गेला. दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायचीच नाही, नुसती वाफ धरू द्यायची. उकळले की दुधातले प्रथिन गोठते आणि तेल सुटून वर येते. फाटलेला रस्सा काजूची पेस्ट घालून सावरला, चव राहिली, रंग गेला. दुसरे, माइकच्या वायरीवर पाणी गळत होते. ती वेळीच उचलली.

सोमवार, ४ ऑगस्ट

सकाळी ७ ची मिस्सा, पांढरा झगा, ४१ माणसे. दोन्ही हेतू वाचले गेले. फलकाला आशीर्वाद दिला. पुष्पगुच्छाची ८६ कार्डे परत आली, बेरीज वाचली नाही. पुठ्ठ्याच्या पेटीत घालून वेदीशी ठेवली आणि नंतर फादरांना दिली. दिवसभरात बेल एकदाच वाजली, कुरिअरवाल्याची.

रविवार, १० ऑगस्ट

टायर बदलले. रात्रीची गाडी आठवड्यात दोनदा गेली. दुसऱ्या वेळी घरच्यांनी संध्याकाळी सातलाच फोन केला होता आणि आजोबा बोलत होते. बुधवारच्या चालकाला सप्टेंबरमध्ये परगावी जायचे आहे, बदली माणूस ठरवायचा. पुण्याचे उत्तर आले, त्यावरून दोन तारखा दुरुस्त. सावंतवाडीचे यायचे आहे. भोक पडलेल्या पानाच्या काळासाठी फलकावरची ओळ मोकळीच ठेवली आहे. बॅटरीचे पाणी पुन्हा १० ऑक्टोबरला.